गिऱ्हाइकाच्या हातून

रविवार, ६ सप्टेंबर २०१५

या वहीतली शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या जूनमधली आहे, आणि तीही पुरती नाही. 'आज दुपारी' एवढेच दोन शब्द. तेव्हा फोन आला, मी पेन ठेवून इस्पितळात गेले आणि चार दिवसांनी बाबा गेले. त्यानंतर वही कपाटातच राहिली. न लिहिण्याचं कारण दुःख होतं असं म्हणायला मला आवडेल, पण पहिल्या दोन महिन्यांनंतर तो नुसता आळस होता. माफी मागायचीच तर त्या आळसाबद्दल मागते.

पुन्हा लिहायला बसायचं कारण ऑफिसचं आहे. शुक्रवारी लोवेल डीटमायरांनी मला आत बोलावलं. त्यांची किराण्याची पाच दुकानं, आणि त्या दुकानांचं रविवारच्या पेपरातलं सवलतीच्या कुपनांचं पान मी एकवीस वर्षं तयार करते आहे. तुटक रेषांच्या चौकटीत आठ कुपनं आणि खाली 'बुधवारी दुप्पट सूट'. शेजारच्या खुर्चीत त्यांचा जावई ट्रेंट बसला होता.

"रोंडा, सरळ विचारतो," लोवेल म्हणाले. "लोक ही कुपनं खरंच वापरतात का?"

"वापरतात की."

"कशावरून?"

एकवीस वर्षं या कामाचा पगार घेतला, पण हे मी एकदाही मोजलं नव्हतं. ट्रेंट सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला पान बंद करून फोनवर सवलतीचे कोड पाठवायचे आहेत. पेपरशी आमचा करार नोव्हेंबरअखेर संपतो. "कॉलेजात तू संख्याशास्त्र शिकलीस ना?" लोवेल म्हणाले. "मग मोज, आणि तीस ऑक्टोबरला मला सांग. जे असेल ते."

घरी येताना आमचे जुने रविवार आठवत होते. चर्चहून आल्यावर आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरायची आणि कात्री घेऊन बसायची. कापलेली कुपनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवणं माझं काम. बाबांना खेळाचं पान नेहमी भोकं पडलेलं मिळायचं. "अर्डिस, मॅच कोण जिंकलं ते तू साबणाबरोबर कापून टाकलंस," ते म्हणायचे. आई पान न बघताच सांगायची, "आपणच हरलो असणार. वाचून काय करतोस?"

बुधवार, ९ सप्टेंबर

नदीकाठच्या दुकानाच्या दारात तीन तास उभी होते. बाहेर पडणाऱ्या साठ जणांना विचारलं, 'तुम्ही कुपनं वापरता का?' एकावन्न जण हो म्हणाले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच शंका आली. विचारणारी बाई गळ्यात दुकानाचं ओळखपत्र घालून उभी असेल तर लोक हो म्हणणारच.

पण आमचं जुनं गिऱ्हाईक हार्टसॉक, तो खोटं बोलणारा माणूस नाही. ऐंशीचा आहे, बायको जाऊन तीन वर्षं झाली.

"वापरता का म्हणजे?" तो जवळजवळ दुखावलाच. "आमची ही होती तेव्हापासून वापरतो. ही बघ पावती."

पावतीवर दोन कुपनं होती. सूपच्या डब्यांचं एक, कॉफीचं एक.

"कापतं कोण? तुम्हीच?"

"मी?" त्याने हात पुढे केले. ते चांगलेच थरथरतात. "या हातांनी मी दाढी करतो तेच पुष्कळ आहे." आणि हसत निघून गेला. मी त्याच्या नावापुढे 'हो' लिहिलं.

रविवार, १३ सप्टेंबर

आईकडे जेवायला गेले होते. खिम्याचा मीटलोफ, मक्याची कणसं. तिने पुन्हा ऑफिसातली उरलेली रविवारची वर्तमानपत्रं मागितली. मी गेलं वर्षभर नेऊन देते आहे, दर आठवड्याला दहा-बारा.

"एवढी कशाला लागतात गं?"

"काचा पुसायला."

तिच्या खिडक्यांच्या काचा मी आज मुद्दाम पाहिल्या. पुसलेल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मनातून जात नाही. ब्रेडच्या डब्यामागे मला कुपनांचे रबर लावलेले गठ्ठे सापडले. आमच्याच पानातले. एक गठ्ठा बाळांच्या लंगोटांचा, एक कुत्र्याच्या खाण्याचा. आमच्या घरात कुत्रा कधीच नव्हता, आणि आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

मी गठ्ठे होते तसेच ठेवले. निघताना ती म्हणाली, "वर्नाचं मनगट कसं आहे? पट्टा बांधते का अजून?" वर्ना आमच्या नदीकाठच्या दुकानात तीन नंबरच्या काउंटरवर असते. तिचं मनगट दुखतं हे मलाच माहीत नव्हतं. आई हल्ली कशाचा कशाशी संबंध जोडते ते कळत नाही.

सोमवार, १४ सप्टेंबर

वाचनालयातून म्हातारपणीच्या विस्मरणावरचं पुस्तक आणलं. 'निरुपयोगी वस्तू साठवणे' हे चौथं लक्षण आहे.

मंगळवार, २२ सप्टेंबर

पाचही दुकानांचे आकडे आले. छापलेल्या कुपनांपैकी परत किती आली, ते. चार दुकानांत अगदी नगण्य, शंभरात एकसुद्धा नाही. नदीकाठच्या दुकानात मात्र त्याच्या नऊपट. काउंटरवार पाहिलं तर तिथली जवळजवळ सगळी तीन नंबरवर आलेली.

मी एक गृहीतक लिहिलं: तीन नंबरचं यंत्र एकच कुपन दोनदा वाचत असावं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने तासभर यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, या दुकानात धडपणे चालणारी हीच एक वस्तू आहे."

शुक्रवार, २५ सप्टेंबर

ट्रेंटने एका दुकानात फोनच्या कोडचा प्रयोग केला होता, त्याचा निकाल. दोनशे बारा जणांनी कोड मागवून घेतला. एकतीस जणांनी वापरला. त्यातले अकरा आमचेच नोकर. ट्रेंट स्वतः हसला, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. "निदान आमचे लोक तरी निष्ठावान आहेत," म्हणाला.

संध्याकाळी मी कॉम्प्युटरवरून बूट मागवत होते. पैसे भरायच्या पानावर ती रिकामी चौकट असते: 'सवलतीचा कोड असल्यास इथे लिहा.' माझ्याकडे नव्हता. चाळीस मिनिटं शोधला. सापडलेले सातही कोड मुदत संपलेले निघाले. शेवटी पूर्ण किंमत भरली आणि बुटांवरचं मनच उडालं. ती चौकट दिसली नसती तर मी खुशीत असते. बाकी सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही, असं ती चौकट सांगते.

आईच्या कुपनाने असं कधी वाटलं नाही. ते पेपरात सगळ्यांना सारखंच मिळायचं. कापायचं की नाही, एवढाच प्रश्न.

(नाही, हे खरं नाही. मला वाटायचं. बाबांच्या काच कारखान्यातून १९८२ साली कामगार कमी केले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. काउंटरवर आई डब्यातून एकेक कुपन काढायची, मागची रांग थांबायची, आणि त्या रांगेत माझ्या वर्गातली कोणीतरी असायचीच. मी दाराजवळच्या च्युइंगमच्या गोळ्यांच्या यंत्रापाशी जाऊन, ही बाई माझी कोणी नाही असं दाखवत उभी राहायची.)

बुधवार, ३० सप्टेंबर

सामान पिशव्यांत भरायला मदत करते असं सांगून तीन नंबरच्या टोकाला उभी राहिले. पाच तास.

गिऱ्हाइकाने स्वतः कुपन काढून दिलं असं चार वेळा झालं. वर्नाने काउंटरच्या ट्रेखाली हात घालून काढलं असं पंचाऐंशी वेळा.

ती बोलता बोलता करते. "काय हार्टसॉक, मुलीचा फोन आला का?" असं विचारते तोवर सूपचं कुपन यंत्रावरून फिरलेलं असतं. एका तरुण आईने लंगोटांचं पुडकं ठेवलं, आणि वर्नाचा हात न बघता बरोबर गठ्ठ्यावर गेला. पट्टा बांधलेला हात.

दुकानाच्या नियमपुस्तकात बाविसावं कलम आहे: 'कुपन गिऱ्हाइकाच्या हातून यायला हवं. कॅशियरने स्वतःजवळचं कुपन वापरल्यास कामावरून कमी केलं जाईल.' ते कलम २००९ साली मी लिहिलं.

वर्ना त्रेसष्ट वर्षांची आहे. चौदा महिन्यांनी तिला पूर्ण पेन्शन सुरू होईल.

गुरुवार, १ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत नोकरांच्या खोलीत वर्नाला गाठलं. ती अंड्याचं सँडविच खात होती.

"किती दिवस बघतेयस?" तिनेच विचारलं.

"कालचाच दिवस."

"पाच तास पिशव्या भरल्यास. पाव खाली आणि दुधाचा डबा वर. मला तेव्हाच कळलं, ही कामाला आलेली नाही."

मी कलमाचं बोलले.

"ठाऊक आहे. त्या फ्रिजवरच लावलंय. खाली तुझी सही आहे. सहीला कोणीतरी मिशा काढल्यात, मी नव्हे हं."

मी पाहिलं. होत्या.

"वर्ना, मला तीस तारखेला अहवाल द्यायचा आहे. त्यात हे आलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

"मग नको घालूस."

"तसं कसं करू?"

"तर घाल." तिने सँडविच पुन्हा उचललं. "मी दोन्ही सांगितलं. आता निवड तुझी. मला जेवू दे."

"एवढी कुपनं तुम्हाला देतं कोण?"

तिने एक घास घेतला. मग म्हणाली, "तुझी आई काय म्हणते?"

विषय बदलायची तिची पद्धत. पण कोणाशी तरी बोलायचं होतंच, म्हणून सांगितलं, की आईची काळजी वाटते, पुढच्या सोमवारी तिला न सांगता डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ती कुत्र्याच्या खाण्याची कुपनं साठवते आहे. वर्ना हसायला लागली. इतकी, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. एखाद्याच्या आईच्या आजारपणावर असं हसणं मला बरं वाटलं नाही.

सोमवार, ५ ऑक्टोबर

सगळं नीट क्रमाने लिहिते.

डॉक्टरांकडे न्यायला साडेनऊला आईकडे गेले. दाराला कडी लावलेली नव्हती. स्वयंपाकघरात आई, शेजारची फर्न आणि चर्चमधली डोलोरेस टेबलाशी बसल्या होत्या. तिघींच्या हातात कात्र्या. टेबलावर माझी वर्तमानपत्रं. मध्ये आठ कप, प्रत्येकात एकेका वस्तूची कुपनं, आणि 'कुत्र्याचं खाणं' लिहिलेला कप काठोकाठ भरलेला.

"कॉफी घे," आई म्हणाली. "आणि त्या पेपरांवर पर्स ठेवू नकोस."

मी अर्धं वाक्य बोलले असेन, 'वर्ना'पर्यंत. फर्न डोलोरेसला म्हणाली, "कळलं गं हिला."

"एवढी शिकलीय," डोलोरेस म्हणाली. "कधीतरी कळणारच होतं."

"आई, वर्षभर मी तुला पेपर देतेय. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दिले असतेस?"

खरं उत्तर 'नाही' होतं, म्हणून मी कॉफी घेतली.

कधीपासून, ते मग तिने सांगितलं. १९८२ च्या डिसेंबरात एकदा काउंटरवर सामान जास्त झालं आणि पैसे कमी पडले. आई अंडी आणि लोणी बाजूला काढून ठेवायला लागली. त्या काउंटरवर नवीनच लागलेली मुलगी होती, हीच वर्ना. तिने ट्रेखालून कोणाचं तरी राहिलेलं कुपन काढलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि मोठ्याने म्हणाली, 'बाई, तुमची कुपनं माझ्याकडे पडली होती की.' मागे सगळी रांग ऐकत होती. "तुमची, म्हणाली," आई म्हणाली. "तो एक शब्द ती जास्त बोलली नसती तर मी त्या दुकानात पुन्हा पाय ठेवला नसता."

"मला आठवत नाही."

"तू कुठे होतीस? तू तिकडे गोळ्यांच्या यंत्राकडे तोंड करून उभी होतीस." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि पुढचं कापायला घेतलं.

बाबा कामावर परत गेले तेव्हापासून ती दर सोमवारी कापते आणि बुधवारी सकाळी वर्नाला नेऊन देते. एकतीस वर्षं. आधी एकटीच. फर्न तिचा नवरा गेल्यावर आली, डोलोरेस गुडघ्याच्या ऑपरेशननंतर.

डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली. कारण विचारलं तर सांगता येईना. वाचनालयाचं पुस्तक उद्या परत करायचं आहे.

रविवार, ११ ऑक्टोबर

अहवालाचा पहिला मसुदा. पाचही दुकानांची सरासरी दिली तर आकडा बऱ्यापैकी दिसतो. खोटा नाही. बेरीज खरी, भागाकार खरा. पान कदाचित वर्षभर तगेल, वर्नाचे चौदा महिने निघतील, आईचे सोमवार चालू राहतील. काउंटरवार आकडे कोणी मागितलेले नाहीत.

तीन वेळा वाचला. त्यात एकही चूक नाही, आणि तो वाचून लोवेलना जे वाटेल ते पूर्ण चूक असेल.

फाडला.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं होतं: 'बुधवारी तीन नंबरची रांग सर्वांत लांब असते, यावरून कुपनांचं आकर्षण सिद्ध होतं.' वाक्य आवडलं, म्हणून तपासायला गेले. आज गुरुवार, दुप्पट सूट नाही, नवीन कुपनं नाहीत. दोन आणि चार नंबर मोकळे होते. तीन नंबरवर सात माणसं उभी होती. हार्टसॉक एकच केळं घेऊन उभा होता.

"चार नंबर रिकामा आहे," मी त्याला सांगितलं.

"दिसतोय मला," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

वाक्य काढून टाकलं. या लांब रांगेचं कारण मला देता येत नाही. 'कारण अज्ञात' असं लिहिलं आहे.

शनिवार, २४ ऑक्टोबर

आई फोनवर: "तू लिहिणारेस म्हणे."

"वर्नाने सांगितलं?"

"तिने नाही. फर्नने. फर्नला कोणी सांगितलं विचारू नकोस."

"आई, मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मी अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे पेपर कापण्यात घालवलं." मग म्हणाली, "तुझ्या बाबांना विचारलं असतंस तर ते म्हणाले असते, लिही. आणि मग आठवडाभर जेवले नसते. तू त्यांच्यावर गेलीस."

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

झालं. जसं झालं तसं लिहिते.

अहवाल सहा पानांचा होता. काल संध्याकाळी त्याची एक प्रत मी वर्नाला आधी वाचायला दिली. तिने उभ्या उभ्याच वाचली आणि म्हणाली, "पंचाऐंशी नाही, त्र्याण्णव. आठ वेळा तू पाव चिरडत होतीस." आकडा बदलला नाही, मी पाहिला तेवढाच ठेवला, पण तळटीप घातली.

लोवेलनी सहाही पानं चष्मा लावून वाचली. ट्रेंटने शेवटचं आधी वाचलं.

"म्हणजे लोक वापरत नाहीत," ट्रेंट म्हणाला.

"स्वतःहून नाही वापरत. आपण वापरतो असं त्यांना वाटतं. साठातल्या एकावन्न जणांना."

"आणि या कॅशियरने बाविसावं कलम..." त्याने पान खाली ठेवलं. "रोंडा, मला वाईट वाटतं, पण ते स्पष्ट लिहिलेलं आहे."

"स्पष्ट आहे, कारण मी लिहिलंय. तेव्हा मी एकाही कॅशियरला विचारलं नव्हतं. पान पाच बघा. ते कलम चुकीचं होतं असं मी तिथे म्हटलंय. आणि कुपनं कापणाऱ्यांत माझी आई आहे, तेही म्हटलंय. पेपर मी पुरवले. ऑफिसचे. म्हणजे कारवाई करायची तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल."

लोवेलनी पान पाच पुन्हा काढलं.

"हार्टसॉककडे फोन आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. भिंतीवरचा."

"त्याच्यावर कोड येतो का रे?" त्यांनी जावयाला विचारलं.

ट्रेंट पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसला. मग, माझ्या कल्पनेपेक्षा लवकर, म्हणाला, "प्रत्येक काउंटरवर सवलतीचं एक कार्ड देता येईल. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कॅशियरने ते फिरवायचं. दुसऱ्या दुकानांत तसं करतात."

"कॅशियरच्या मर्जीने?"

"मर्जीनेच. नाहीतर विचारत बसावं लागेल."

लोवेलनी माझ्यापुढे नियमपुस्तक सरकवलं. "ज्याने लिहिलं त्याने खोडावं." मी बाविसावं कलम खोडलं. रेघ इतकी जोरात ओढली की एकविसावंही थोडं गेलं. वर्ना राहते आहे. चौदा, म्हणजे आता तेरा महिने, आणि पुढेही तिला हवं तितकं.

मी उठणार तोच ते म्हणाले, "पान मात्र बंद, रोंडा. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. जे कोणी कापत नाही ते छापायचं कशाला?"

"तिघीजणी कापतात," मी म्हटलं.

"वाचलं मी." त्यांनी अहवाल मिटला. "सॉरी."

रविवार, १ नोव्हेंबर

आईला सांगितलं. आधी वर्नाचं सांगितलं, तेव्हा तिने डोळे मिटून मान हलवली. मग कार्डाचं.

"म्हणजे ती ते कार्ड फिरवणार आणि झालं?"

"हो."

"कोणालाही?"

"तिला वाटेल त्याला."

"आणि कापायला काही नाही."

"नाही."

तिने टेबलावरून हात फिरवला, टेबल स्वच्छ असताना. "बरं झालं. फर्नचा अंगठा दुखतोच हल्ली." मग उठून धुतलेला कप पुन्हा धुतला.

मी विचार करून करून जे लिहिलं त्यात पहिल्या पानापासून सहाव्यापर्यंत काहीही चुकीचं नव्हतं. सगळ्यांचं भलं झालं. हे वाक्य तपासायला कोणत्या दारात उभं राहू, ते कळत नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

कार्डं आली. निळी. वर्नाने आपलं गळ्यात अडकवलं आहे. "बरं आहे," म्हणाली. "पण बुधवारी सकाळी दारात कोणी येणार नाही आता. गठ्ठा द्यायला आली की अर्डिस पाच मिनिटं बोलायची." मग गिऱ्हाईक आलं.

रविवार, २२ नोव्हेंबर

शेवटचं पान तयार करून पाठवलं. लोवेल म्हणाले, एखादी निरोपाची ओळ टाक. नाही टाकली. आठ कुपनं, तुटक रेषा, खाली 'बुधवारी दुप्पट सूट'. रेषा नेहमीपेक्षा काळजीने आखल्या आणि मग मलाच हसू आलं. तुटक रेषेत काळजी कसली घ्यायची.

रविवार, २९ नोव्हेंबर

पेपर आला. ऑफिसातून चौदा प्रती आणून आईच्या मागच्या पायऱ्यांवर ठेवल्या. ती आतून म्हणाली, "इतक्या कशाला? दोन बुधवारांनंतर मुदत संपते."

"कापणार आहात ना उद्या?"

"डोलोरेस म्हणते, शेवटचं आहे तर नीट करू. वर्नाने ती वापरली नाहीत तरी चालेल म्हणते." मग दार थोडं उघडून, "तुला काय करायचंय? तू मोजणार आहेस का?"

मी म्हटलं, मोजायला आवडेल. अहवालात एका तासात किती कुपनं कापून होतात हा आकडा नव्हता, ती उणीवच होती.

"मोजायला बसलीस तर कात्री हातात घ्यावी लागेल," आई म्हणाली. "रिकाम्या हाताने बसणाऱ्यांना आम्ही कॉफी देत नाही."

घरी आल्यावर रजेच्या अर्जावर 'अहवालाची पुरवणी' असं कारण लिहिलं. वाचलं. अहवाल देऊन महिना झाला, पुरवणी कोणी मागितलेली नाही. खोडलं. 'आईची तब्येत' लिहिलं. आई ठणठणीत आहे. तेही खोडलं. एकवीस वर्षांत मी सोमवारची रजा कधी घेतलेली नाही, त्यामुळे लोवेल विचारणारच.

उद्या: आठच्या आधी लोवेलना फोन करून रजा मागायची. कारण खरं सांगायचं.